पणजोबांच्या पलीकडे: साध्या घराची वंशावळ कशी शोधायची

माझ्या खापरपणजीचं नाव मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. खापरपणजोबांचं ठाऊक होतं, त्यांच्या वडिलांचं ऐकून होते. पण जिनं सहा लेकरं वाढवली ती घरात फक्त 'म्हातारी' म्हणून उरली होती. तिचं नाव सापडलं ते तहसील कचेरीतून काढलेल्या एका फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या सरकारी नोंदीच्या, नकलेत: 'विधवा सखू मर्द रामजी'. एवढीच ओळ. ती वाचून मी कचेरीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते.

आमचं घराणं ना सरदारांचं, ना इनामदारांचं. सातारा जिल्ह्यातलं कोरडवाहू शेतकरी घर. 'आपल्यासारख्यांचे कसले कागद असणार?' असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण ज्यानं सारा भरला, ज्याचं मूल शाळेत गेलं, जो त्र्यंबकला जाऊन आला, जो पलटणीत भरती झाला, त्याचं नाव कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. ते कुठे आणि कोणत्या शब्दांत, हे कळलं की चार-पाच पिढ्या मागे जाणं साध्या घरालाही जमतं.

आधी घर, मग कचेरी

घरात सगळ्यात वयस्कर जे कुणी असेल, त्यांच्यापासून सुरुवात करा आणि ती या आठवड्यातच करा. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. 'तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा?' याला उत्तर मिळत नाही. 'मानमोडीच्या साथीत आपल्या घरातलं कोण गेलं?' असं विचारलं की मिळतं. जुन्या माणसांचं कॅलेंडर संकटांवर चालतं: प्लेग (१८९६ पासून पुढची काही वर्षं), मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा, पानशेतचा पूर (जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ. 'तेव्हा तुम्ही केवढ्या होतात, लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं?' एवढं विचारलं तरी तीन माणसांची वयं हाती लागतात.

दुसरा प्रश्न: 'आपल्याला सुतक कुणाकुणाचं येतं?' भाऊकी कुठपर्यंत आहे हे याच्याइतकं नेमकं दुसरा कोणताच प्रश्न सांगत नाही. आडनाव एक असूनही सुतक येत नसेल तर ती शाखा फार मागे फुटलेली. आडनाव वेगळं असून सुतक पाळत असतील तर मध्ये दत्तक किंवा आडनावबदल झालेला असू शकतो. ज्या घरी पक्ष घालतात तिथे महालयाला उच्चारायच्या नावांची यादी बहुतेकदा लिहिलेली असते. त्यात वडिलांकडच्या तीन पिढ्या असतात, आईकडच्याही असतात आणि बायकांची नावंही असतात. ती यादी आधी मागून घ्या.

काकांपेक्षा आत्यांना आणि जुन्या सुनांना जास्त माहिती असते, असा माझा अनुभव आहे. कुणाची सोयरीक कुठे झाली, कोण बाळंतपणात गेली, कुणाला सवत आली, हे त्यांनाच ठाऊक. एकाच माणसाकडे दोन-तीनदा जा. पहिल्या खेपेला न आठवलेलं दुसऱ्या खेपेला आपसूक निघतं. फोनवर रेकॉर्डिंग करा, पण आधी विचारून.

मग ट्रंका उघडा. साऱ्याच्या पावत्या, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, गिरणीतलं नोकरीचं पुस्तक, पेन्शनचे कागद, फोटोच्या पाठीवरचा मजकूर, सगळं पाहा. माळ्यावरची पितळेची भांडीसुद्धा उतरवा. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरायची आपल्याकडे रीतच होती. आमच्या खापरपणजोबांच्या, रामजीच्या, एका लेकीचं सासर मला कुठल्याच कागदात मिळालं नाही, मिळालं ते एका घंगाळावर. शेजारच्या तालुक्यातल्या एका घरी ते अजून वापरात आहे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: 'गणू रामजी यांजकडून भाचीस'. गणू हा रामजीचा मुलगा. घंगाळ ज्यांच्या घरात आहे त्यांना गणू रामजी कोण ते माहीत नव्हतं आणि आम्हाला ती भाची माहीत नव्हती.

मिळेल ते एका वहीत मांडा. एका माणसाला एक पान: नाव, वडिलांचं नाव, गाव, बाई असेल तर माहेर आणि सासर दोन्ही, जन्म-मृत्यूचा अंदाज आणि ही माहिती कुठून मिळाली ते. मी एक नियम पाळते. ऐकीव माहिती पेन्सिलने, कागदावर पाहिलेली पेनाने. पुढे हजार गोंधळ याने वाचतात.

शाळेचा दाखला

पहिला सरकारी कागद सहज मिळतो तो शाळेचा. जिल्हा परिषदेच्या जुन्या प्राथमिक शाळांत प्रवेश-निर्गम नोंदवही असते, तिलाच जनरल रजिस्टर म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीपासूनच्या वह्या जपून ठेवलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. मुख्याध्यापकांना अर्ज दिला की उतारा मिळतो. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत कधी शाळा सोडली, एवढं असतं.

जन्मतारीख एक जून दिसली तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी वय अदमासे धरून तीच तारीख टाकायचे. सालसुद्धा दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असू शकतं.

जमीन धरून मागे चला

आता मुख्य काम. मागे जाताना आडनाव सुटतं, कारण जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसतं. नुसतं 'रामजी बिन येसू'. एका गावात तीन रामजी निघतात. जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून माणसाचा माग काढताना जमिनीचा नंबर धरून ठेवायचा. आज तुमच्याकडे जमीन नसली तरी पणजोबांकडे कूळ म्हणून, वाटेकरी म्हणून किंवा वतनाची होती का, ते विचारा.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. त्यात नावांच्या आसपास गोलात लिहिलेले आकडे दिसतात, ते फेरफाराचे क्रमांक. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर काही नावांना कंस केलेला असतो. कंस म्हणजे ते नाव कमी झालं: माणूस वारला, जमीन विकली किंवा वाटणी झाली. आपल्याला हवी असतात ती कंसातली माणसं. कंसाजवळचा फेरफार क्रमांक टिपायचा आणि त्या फेरफाराची, म्हणजे गाव नमुना सहाची, नक्कल मागायची. त्यात आणखी जुना क्रमांक मिळतो. असं जिन्यानं उतरल्यासारखं खाली जायचं. गाव नमुना सहा-क ही वारस नोंदवही, ती मिळाली तर काम निम्मं होतं.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला आणि त्यानंतर गावोगाव फेरफार लिहिले जाऊ लागले. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात या वाटेनं शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं. त्या फेरफारात सापडलेला माणूस तेव्हा साठीचा असेल तर त्याचा जन्म १८५० च्या आसपासचा.

मध्ये एक खड्डा लागतो, तिथे बहुतेकजण अडकतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण योजना झाली आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबरावरून १९३० चा कागद मागितला तर 'सापडत नाही' असंच उत्तर येणार. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा जबाब किंवा जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता घ्या, गटाचा जुना सर्व्हे नंबर काढा आणि मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. कित्येक जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर ठेवले आहेत. खेप घालण्याआधी तिथे पाहून घ्या.

प्रदेशाप्रमाणे कागदाचं नाव बदलतं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनं दप्तर बरंचसं उर्दूत. तिथे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा पाया धरून मागेपुढे जातात. विदर्भात त्याच सुमाराचा अधिकार अभिलेख मागा.

आता तो फेरफार दाखवते, ज्यात मला सखू भेटली. १९१९ सालचा आहे. मजकूर साधारण असा: 'खातेदार रामजी बिन येसू हा गेले साली मयत. त्यास वारस मुलगे १) गणू २) बाळू अ.पा.क. आई सखू, व विधवा सखू मर्द रामजी. वडील मुलगा गणू याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.'

'बिन' म्हणजे मुलगा, येसू हा रामजीचा बाप. काही ठिकाणी याच अर्थानं 'वलद' येतं. 'मर्द' म्हणजे नवरा, सखू ही रामजीची बायको. 'भ्रतार', 'कोम', 'जोजे' हे शब्दही नवरा-बायकोचं नातं सांगायलाच येतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून बाळू तेव्हा अठराच्या आतला. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकट्या गणूचं लागलं तरी जमीन दोघांची. पुढच्या पिढीतल्या 'बाळूच्या पोरांचं नावच नाही' या भांडणाचं मूळ पुष्कळदा या तीन अक्षरांत असतं. आणि 'गेले साली' म्हणजे १९१८. आमच्या आत्या सांगायच्या, 'रामजी मानमोडीत गेला.' ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं, तेव्हा मी वहीतली पेन्सिलची ओळ पेनाने गिरवली.

चार ओळींत तीन पिढ्या आणि पाच माणसं. पण सहा लेकरांतल्या चार मुली त्यात नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदीत मुली सहसा नसतातच. त्यानंतरच्या नोंदींत त्या येतात, पुष्कळदा सासरच्या नावानं आणि गावासकट. मग लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड करून, म्हणजे आपला हिस्सा सोडून, निघूनही जातात. म्हणून १९५६ नंतरच्या घरातल्या प्रत्येक वारस फेरफाराची नक्कल घ्या, जमिनीचा निकाल आधीच कळलेला असला तरी. आत्यांची, आजीच्या बहिणींची नावं आणि गावं लिहिलेली सापडण्याची ही सगळ्यात भरवशाची जागा आहे.

वतनदारांसाठी आणखी एक वाट आहे. वतन म्हटलं की लोकांना पाटील-कुलकर्णी आठवतात, पण महार, गुरव, जोशी, चौगुला यांचीही वतनं होती. वतनाचा हक्क वारशानं यायचा, म्हणून वाद झाला की प्रकरणाला वंशावळ जोडावी लागे. कुलकर्णी वतनं १९५१ मध्ये, महार वतनासारखी कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली. त्या वेळची प्रकरणं मागितली तर कधी कधी घरच्यांनीच लिहून दिलेलं आठ-दहा पिढ्यांचं झाड मिळतं. दावा जिंकायला केलेलं झाड असतं ते, एवढं भान ठेवून वाचायचं.

कोतवाल बुक आणि मोडी

गाव नमुना चौदा, म्हणजेच कोतवाल बुक, ही गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव फारसं नसतं, कारण बारसं व्हायचं असायचं. 'अमक्यास मुलगा झाला' एवढंच. त्यामुळे बापाच्या नावानं शोधा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं. 'ताप', 'पटकी' असे शब्द ओळीनं यायला लागले की ते साल गावावर कसं गेलं असेल ते कळतं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी शासनानं अशी पुष्कळ दप्तरं तपासून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. तुमचा हेतू जातीच्या दाखल्याचा नसला तरी तुमच्या गावाची पानं तिथे आहेत का ते बघा.

यातलं पुष्कळ मोडीत आहे. घाबरू नका. सगळी मोडी यायची गरज नाही, आधी आपल्या गावाचं आणि घरातल्या दहा-बारा नावांचं मोडी रूप ओळखायला शिका. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच. दोन-तीन महिन्यांचा सराव पुरतो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, राज्याचं पुराभिलेख संचालनालयही घेतं. अगदीच अडलं तर पैसे देऊन जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण जवळ बसून. तो जे नाव 'राणू' वाचतो ते 'राघू' असू शकतं, हे घरच्या माणसालाच ओळखता येतं.

जुन्या कागदांतले सन इसवी सनात आणायचं गणित: शकात ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा ७९), फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९. तिन्ही वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरून चालायचं.

तीर्थोपाध्यांची चोपडी

कचेरीचे कागद संपतात तिथे हे दप्तर सुरू होतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. गावं वाटलेली असतात, त्यामुळे गेल्यावर 'कोणतं गाव, कोणतं आडनाव, जात कोणती' हे विचारतात आणि त्या गावाच्या उपाध्यांकडे पाठवतात. गावाचा जुना तालुका माहीत करून जा, कारण तालुके बदलत आले आहेत. कुठे स्थलांतर झालं असेल तर मूळ गाव सांगा, आजचं नको.

त्र्यंबकला आमच्या गावाची चोपडी काढली तेव्हा उपाध्यांनी लाल फडकं सोडलं, लांबट वही मांडीवर घेतली आणि बोट फिरवत वाचायला लागले. कोण आलं, बरोबर कोण, बाप-आजा कोण, भाऊ किती, मुलगे किती, खाली शक आणि सही. एका जागी थांबले. 'हे बघा, तुमचे गणू रामजी.' सहीच्या जागी नांगराची निशाणी होती. माझ्या पणजोबांच्या हातची ती एकच गोष्ट आज शिल्लक आहे.

सिंहस्थाच्या वर्षी गर्दीनं लोक जातात, म्हणून दर बारा वर्षांच्या अंतरानं नोंदी जास्त सापडतात. २००३ आणि २०१५ पासून बारा-बारा वर्षं मागे मोजत, एखाद्या वर्षाचा फरक धरून, त्या सालांची पानं आधी बघायला सांगा. कुणी अस्थी घेऊन गेलं होतं का, तेही घरात विचारून जा. फोटो काढायचा तर परवानगी घ्या. हे त्यांचं पिढ्यांचं काम आहे, दक्षिणा मोकळ्या हातानं द्या. आणि निघताना आपली नोंद करा, लेकी आणि सुना नावानिशी.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी येतात. सुगीनंतर दारात येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. काही मराठा घरांकडे भाट येतात. दोघांच्याही पोथ्यांतला वरचा भाग पुराणाकडे, सूर्यवंश-चंद्रवंशाकडे जातो, तो भक्तीनं ऐकावा. खालच्या सात-आठ पिढ्या मात्र पुष्कळदा आश्चर्य वाटावं इतक्या बरोबर असतात, कारण दर खेपेला ते जन्मलेल्यांची नावं घालत आलेले असतात.

घर सोडून गेलेले

पलटणीत गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, जिल्हा बऱ्याचदा मिळतो. इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून बघा. सातारा, रत्नागिरी भागातल्या कित्येक गावांत '१९१४-१९१९ च्या युद्धात इतके गेले, इतके पडले' असा संगमरवरी दगड चावडीत असतो, तो कधी वाचला नसेल तर वाचा.

१८३४ पासून मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, माणसं गेली, त्यांत कोकणातलेही होते. 'एक भाऊ आगबोटीनं गेला तो आलाच नाही' अशी गोष्ट घरात असेल तर मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत, काहींचे फोटोसुद्धा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या सगळ्यात लांबचा पल्ला देतात, बाकीच्यांना पणजीचं पुराभिलेखागार. तिथे पोर्तुगीज वाचणारं कुणीतरी बरोबर हवं.

घोळ कुठे होतो

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत सगळ्यात जास्त चकवते. येसूचा रामजी, रामजीचा गणू, गणूचा पुन्हा रामजी. दोन रामजी एक समजलात की मधली पिढी गायब. म्हणून वयाचं गणित मांडा. बाप-लेकात पंधरापेक्षा कमी किंवा पन्नासपेक्षा जास्त वर्षं पडत असतील तर थांबा आणि पुन्हा बघा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. तुम्ही जुने सातबारे गोळा करताय हे कळलं की भाऊकीत कुणाला तरी वाटतं, हा जमिनीत हिस्सा काढायला आलाय. माझ्याबाबतीत एका चुलत घरानं दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. पहिल्याच भेटीत हेतू सांगा आणि मिळालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्यांना द्या. दत्तक, मोडलेलं लग्न, घरातून नाव काढून टाकलेली मुलगी असंही काही सापडेल. ज्यांच्या आयुष्याशी ते अजून जोडलेलं आहे, त्यांना विचारल्याशिवाय ते झाडावर लिहू नका.

झाड तयार झालं की मोठ्या कागदावर काढून गावच्या जत्रेला घेऊन जा, देवळाच्या ओवरीत पसरा आणि शेजारी पेन्सिल ठेवा. आमच्या जत्रेत एका दुपारी सतरा दुरुस्त्या झाल्या आणि दोन घरं नव्यानं जोडली गेली, त्यात ते घंगाळवालं घर एक.

सखूचं माहेर अजून मिळालेलं नाही. आत्या म्हणायच्या, 'ती खोऱ्यातली, तिचं गाव पाण्यात गेलं.' म्हणजे कोयना धरणाखाली. अशा गावांची दप्तरं आणि माणसं पुनर्वसनात विखुरली आहेत, त्यामुळे आधी पुनर्वसन कार्यालयातली बुडीत गावांची यादी आणि मग त्र्यंबकला त्या गावांच्या चोपड्या, असा माझा बेत आहे. तोवर तिच्या पानावर 'माहेर' या शब्दापुढे 'जावळी खोरं?' एवढंच आहे, पेन्सिलने.